सकाळची केसरबाई

"मी आता जे सांगणार हाय, त्याच्यावर तुमच्यातल्या एकाचाबी इश्वास बसणार न्हाई," उद्धवराव बोत्रे म्हणाले आणि ओट्यावर ऐसपैस मांडी घालून बसले. "आधीच सांगून ठेवतो. मागनं म्हणू नका, म्हातारा फेकतो."

"फेका की मामा," दिग्विजय म्हणाला. "झेलायलाच बसलोत."

दिग्विजय लातूरकडचा. उद्धवरावांच्या चाळीत तिसऱ्या खोलीत राहायचा आणि कंपनीत मशिनी दुरुस्त करायचा. पहिली शिफ्ट सुटली की चाळीतले चारपाच भाडेकरू आंघोळ करून ओल्या केसांनी मालकाच्या ओट्यावर यायचे. महाळुंग्यात टीव्ही घरोघर होते, पण उद्धवराव एकच होते. बिबट्याला उपरण्यानं बांधून चौकीत नेणारे, चाकणच्या बाजारात एवढा कांदा नेणारे की तो सोलायला दोन सुतार लावावे लागले, असे ते. ऐकणाऱ्याला ठाऊक असायचं आणि सांगणाऱ्यालाही. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

"आमच्या केसरचा डावा डोळा रोज सांजच्याला बंद पडतो," उद्धवराव म्हणाले. "दुकानाचं शटर पडतं तसा. खर्रकन. आन सकाळी उठली की आपोआप वर."

सगळे हसले.

"कुलूप कुठल्या बाजूनं लावता मामा?" दिग्विजयनं विचारलं.

"आरं, खरं सांगतोय."

"बिबट्याच्या टायमालाबी असंच म्हणलाव तुम्ही."

उद्धवराव हसण्यात सामील झाले, कारण तशी सवय होती. पण त्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी थांबले. साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदाच ते ओट्यावर एक सरळ खरी गोष्ट सांगत होते, आणि खरं कसं सांगायचं ते त्यांना येत नव्हतं. शटर घालायला नको होतं, असं त्यांना मागाहून वाटलं. पण शटरासारखाच पडायचा तो डोळा. त्याला दुसरं काय म्हणणार?

कांदा काढणीला आला होता. बोत्र्यांच्या जुन्या जमिनीतला एकराचा तुकडा उरला होता, तीन बाजूंनी कंपन्यांच्या भिंती आणि चौथ्या बाजूला चाळ. भिंतीपलीकडे दिवसरात्र पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे ठोके पडायचे आणि अलीकडे केसरबाई उकिडवी बसून पात कापायची. उजव्या हातात विळा, डाव्या हातात कांदा. मानेपासून चिमूटभर ठेवून एक झटका, पात इकडे, कांदा पाटीत. या कामात गावात तिचा हात धरणारी बाई नव्हती. मजूर मिळत नव्हते, बायका कंपनीत पॅकिंगला जायच्या. त्यात दुपारनंतर आभाळ भरून यायचं, लोहगडाच्या अंगाला वीज चमकायची. अवकाळी आला तर कांदा रानातच सडणार. म्हणून घरचीच माणसं भल्या सकाळी रानात उतरायची, केसरबाई, सून स्वप्नाली आणि शेजारची शालनबाई.

सकाळी केसरबाई दोघींच्या पुढे असायची. दुपारी बरोबरीला यायची. ऊन कलायला लागलं की मागे पडायची, आणि मग डावी पापणी हळूहळू उतरायची. मान मागं टाकून, हनुवटी वर करून ती उरलेल्या फटीतून कांद्याकडे बघायची.

"केसरवैनी, या वयात कुणाला डोळा मारताय?" शालनबाई म्हणाली.

केसरबाई हसली, पण हसू नाकातून आलं. बोलणंही दुपारनंतर नाकातूनच यायचं, थंडी झाल्यासारखं. तिनं विळा उचलला, दोन कांदे कापले आणि विळा हातातून गळून मातीत पडला. पुन्हा उचलायला हात गेला तो अर्ध्यातच थांबला. आपलाच हात परक्याचा असावा तसं ती त्याच्याकडे बघत राहिली.

स्वप्नालीनं विळा उचलून दिला. मग शालनबाईकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सकाळी बघा तुम्ही आत्यांना. हंडा डोक्यावर घेऊन पळतात. कांद्याचा ढीग दिसला की मग होतं."

स्वप्नाली वाईट नव्हती. तिचीही कंबर मोडली होती. उद्धवराव पाट्या उचलत होते, त्यांनी ऐकलं. केसरबाईनंही ऐकलं. ती काही बोलली नाही, कारण त्या वेळी तिचं बोलणं कुणाला नीट समजलं नसतं.

रात्री भाकरी चावताना ती डाव्या हातानं जबडा वर धरायची. दोन घास खाल्ले की जबडा दमायचा. एकदा चहा नाकातून आला. ज्ञानेश, मुलगा, समोरच जेवत होता. त्यानं ताट बाजूला सारलं.

"आई, उद्या डॉक्टरकडं जायचं म्हंजे जायचं."

महाळुंग्याच्या चौकात लोंढे डॉक्टरांचा दवाखाना. ज्ञानेश झाला तो त्यांच्या हातावर, उद्धवरावांना फुरसं चावलं तेव्हा स्कूटरवर मागे बांधून त्यांनीच चाकणला नेलं. लोंढे म्हणाले म्हणजे झालं, असं गावाचं होतं. दवाखान्यात जायचं ते सकाळी, रानात जायच्या आधी. केसरबाई रात्रभर झोपली, उठून नहाणं केलं, डोक्याला तेल लावलं, ठेवणीतलं पातळ नेसली आणि टवटवीत होऊन लोंढ्यांसमोर बसली.

"काय उद्धवराव, आज बिबट्या बाहेर बांधलाय का?" लोंढे म्हणाले.

"डॉक्टर, चेष्टा नको. हिचा डोळा सांजच्याला शटर पडल्यागत..."

"अहो थांबा, पेशंट बोलू दे. काय होतंय हो केसरबाई?"

"दमते," केसरबाई स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली. तिला तेवढंच सांगता आलं. दमणं म्हणजे काय आणि हे दमणं वेगळं कसं, ते तिला शब्दांत मांडता येईना, आणि नवऱ्यानं मांडलेलं कुणी ऐकून घेईना.

लोंढ्यांनी डोळे बघितले, दोन्ही सताड उघडे. रक्तदाब चांगला. हात दाबायला सांगितले, तिनं असे दाबले की त्यांनीच सोडवून घेतले. "उन्हात बसता, कांद्याची वाफ डोळ्यांत जाते. वयही झालं. ताकदीच्या गोळ्या देतो."

चार दिवसांनी ज्ञानेशनं सुट्टी टाकली आणि तिला चिंचवडच्या बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तीही सकाळचीच ओपीडी. तिथं मज्जातंतूंची डॉक्टर होती आम्रपाली म्हणून, तरुण, केस घट्ट बांधलेले, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारी. तिनं गुडघ्यावर हातोडी मारली, बोट इकडेतिकडे फिरवून नजर बघितली, रेषेवरून चालवलं. डोक्याचा फोटो काढला. फोटोत काही नव्हतं.

"घरात काही टेन्शन?" तिनं विचारलं, आणि बोलता बोलता तिची नजर उद्धवरावांवर गेली. ते तेव्हा पापणी पडते कशी हे दोन्ही हातांनी करून दाखवत होते.

"टेन्शन कसलं? पापणीच खाली..." उद्धवरावांनी पुन्हा हात वर घेतले.

"काका, बसा जरा. मावशी, तुम्हाला काही झालं नाही असं मी म्हणत नाही. मला आज काही दिसत नाहीये, एवढंच. कधी त्रास दिसला तर त्या वेळी या."

हे बोलणं ज्ञानेशनं आणि उद्धवरावांनी वेगवेगळं ऐकलं. ज्ञानेशला वाटलं, झालं, काही नाही. उद्धवरावांना वाटलं, हिनं आपल्याला वाटेला लावलं. दिसलं तर या म्हणजे काय? दिसतं ते संध्याकाळी, आणि ओपीडी सकाळी. महाळुंग्याहून संध्याकाळी निघालं तर तळवड्याच्या चौकात ट्रेलरच्या रांगेतच रात्र होते.

परतताना मोटारसायकलवर मधे बसलेली केसरबाई नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "तुमच्यासंगं ऱ्हाऊन ऱ्हाऊन मीबी खोटी ठरले."

बरीच वर्षं उद्धवरावांनी तिच्या तोंडून हे ऐकलं होतं, पण चेष्टेत. ही चेष्टा नव्हती.

मग ठसका सुरू झाला. पाणी पिताना, आमटी पिताना. घास वाट चुकायचा आणि ती तोंडावर पदर दाबून खोकत राहायची, डोळ्यांतून पाणी. एका दुपारी ताप आल्यासारखा वाटला, छातीत घरघर झाली. स्वप्नालीनं आपणहून रिक्षा बोलावली आणि सासूला लोंढ्यांकडे घेऊन गेली. लोंढ्यांनी छाती तपासली, म्हणाले, जंतू झालेत, आणि जोराचं इंजेक्शन दिलं. त्यात काही खोट नव्हती. छातीत घरघर असली की ते हेच द्यायचे, आणि माणसं बरी व्हायची.

त्या संध्याकाळी केसरबाईची मान उभी राहीना. भिंतीला टेकून बसवलं तरी डोकं पुढे छातीवर पडायचं. दोन्ही पापण्या उतरल्या होत्या. ती काहीतरी म्हणत होती आणि ते कुणालाच समजत नव्हतं. स्वप्नाली तिच्या मागे बसली आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून ठेवलं.

"आत्या, माझं चुकलं," ती एकदाच म्हणाली. नेमकं काय चुकलं हे तिला तरी कुठं कळत होतं? दोन डॉक्टर काही नाही म्हणाले होते.

ज्ञानेशनं लोंढ्यांना फोन लावला. "झोपू द्या, इंजेक्शनची सुस्ती असेल, सकाळी आणा," ते म्हणाले. आणि सकाळी, आता काय म्हणायचं, केसरबाई उठून चूल पेटवत होती! मान थोडी लुळी, पण डोळे उघडे. दवाखान्यात लोंढे म्हणाले, "बघा, उतार पडला."

उद्धवरावांनी त्या दिवशी ओट्यावर काहीच सांगितलं नाही. भाडेकरू आले, बसले, वाट बघितली. शेवटी दिग्विजयनं विचारलं, "काय झालंय मामा? मामीचं ते शटर खरंच पडलालंय की काय?"

"तू बी हस."

"नाही हसत. काय होतंय ते सांगा की वो नीट."

उद्धवरावांनी सांगितलं. शटराशिवाय, बिबट्याशिवाय, जसं होतं तसं. सांगताना आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना.

दिग्विजय ओट्यावर पुढे सरकला. मग म्हणाला, "आमच्या लायनीवर एक मशीन हाय. दोन तास चालली की अडकती. आन इंजिनेर बोलावला की झ्याक चालती, कारण तो येईस्तवर ती गार झालेली असती. मग आम्ही काय करलालोत, तर त्यो यायच्या आधी तिला लोडवर पळवून ठेवतो. फॉल्ट त्याच्या डोळ्यांम्होरं यायला पायजे, मामा. आपल्या सांगण्यावर कोण कशाला मशीन उघडतंय?"

"माणूस म्हंजे मशीन हाय का रं?"

"नाही ना. म्हणून तर भ्या वाटतंय मला सांगायला."

उद्धवराव उठून आत गेले. केसरबाई बाजेवर पडली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. लोडवर पळवणं म्हणजे काय, तेही. भिंतीपलीकडे प्रेस ठोके देत होता.

"म्हंजे मला दमवून न्यायचं?" ती नाकातून, तुटक म्हणाली.

"व्हय. पण तू म्हणशील तसं."

"मेले तर?"

उद्धवरावांनी बाजेची सैल दोरी ओढून घट्ट केली. एरवी त्यांच्याकडे उत्तराचं उत्तर असायचं.

"जाऊ," ती म्हणाली. "दिसू दे एकदा. मरायचं तर खरी होऊन मरन."

ज्ञानेशला सांगितलं नाही, त्यानं अडवलं असतं. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या शिफ्टला गेल्यावर उद्धवरावांनी पातीसकट कांद्यांची दोन पोती रिक्षात टाकली, वर दोन विळे आणि गोणपाट. रिक्षावाल्यानं विचारलं, "मार्केटला का?" उद्धवराव म्हणाले, "हॉस्पिटलला." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा फेकतोय.

हॉस्पिटलच्या आवारात, मोटारी लावतात तिथं कडेला एक करंजाचं झाड होतं. उद्धवरावांनी त्याखाली गोणपाट अंथरलं, पोतं ओतलं आणि केसरबाई उकिडवी बसून पात कापू लागली. आधी केसपेपर काढून नंबर लावला होता. नंबर बराच मागचा होता, आणि या खेपेला तेच हवं होतं.

वॉचमन धावत आला. "ओ आजोबा, इथं धंदा करायचा नाही!"

"धंदा न्हाई, औषधपाणी चाललंय."

"कांदे हे औषध?"

"आमच्या गावचं हाय. तुला लागल तर घेऊन जा दोन."

वॉचमननं साहेबाला सांगतो म्हणून दम दिला आणि साहेब सापडेना म्हणून तिथंच उभा राहिला. हळूहळू माणसं जमली. कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणाच्या हातात लघवीची बाटली. कांद्यानं सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. एक बाई कुणी गेलं का म्हणून विचारत आली.

केसरबाई कापत होती. विळ्याचा झटका अजून स्वच्छ होता. ऊन झाडाखालून सरकलं, तिच्या पायावर आलं, मांडीवर आलं. दुसरं पोतं ओतलं. आता झटका दोनदा द्यावा लागत होता. तिनं एकदाही मान वर करून थांबू का असं विचारलं नाही, आणि उद्धवरावांनीही थांब म्हटलं नाही. पुढे कित्येक दिवस त्यांना हेच आठवत राहिलं.

माणसं विचारत होती, हे काय चाललंय? उद्धवरावांनी सांगायला सुरुवात केली. आधी नीट सांगितलं. मग कुणीतरी हसलं, आणि मग म्हाताऱ्याला राहवेना. समोर इतके कान, सगळे नवे, एकानंही बिबट्या ऐकलेला नाही! शटर आलं, शटरातून गावातलं दुकान आलं, दुकानातून रात्री शिरलेला बिबट्या आला. उद्धवरावांनी उपरणं काढून फास कसा टाकला ते दाखवलं. बाटलीवाला माणूस पोट धरून हसत होता.

"ओ आजोबा," वॉचमन म्हणाला. तो हसत नव्हता. "त्या आजींकडं बघा."

केसरबाई कलंडली होती. विळा मांडीवर पडलेला, मान छातीवर, तोंडातून लाळ गळत होती आणि ती गिळता येईना म्हणून घशात गुळगुळ आवाज होत होता. श्वास वरवरचा, कबुतरासारखा. इतका वेळ ती बोलावत असणार. नाकातून, न कळणाऱ्या आवाजात बोलावत असणार, आणि नवरा तिच्याकडे पाठ करून बिबट्या बांधत होता.

उद्धवराव पळाले. नंबर, रांग, दार, शिपाई, काही न बघता आत घुसले. डॉक्टर आम्रपाली डब्याचं झाकण उघडत होती.

"बाई, पडलं! शटर पडलं! चला!"

ती त्यांना ओळखून कपाळाला आठी घालणार, तेवढ्यात तिनं त्यांचा चेहरा बघितला. डबा तसाच टाकून ती जिना उतरली.

झाडाखाली येऊन ती कांद्यांतच गुडघ्यावर बसली. केसरबाईला कुशीवर केलं, लाळ काढली, वॉचमनला स्ट्रेचरला पळवलं. मग पापणी बोटानं उचलली आणि सोडली. पापणी पडली. तिनं पुन्हा उचलली आणि सोडली.

"काका, बर्फ आणा. कुठूनही."

फाटकाबाहेर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. "मामा, किती ग्लास?" गुऱ्हाळाच्या मालकानं विचारलं. "ग्लास नगं, बर्फ दे!" उद्धवरावांनी फोडलेल्या लादीतून दोन्ही ओंजळींनी बर्फ उचलला आणि पाणी ठिबकत पळत आले. डॉक्टरनं तो रबरी हातमोज्यात भरला आणि स्ट्रेचरवर केसरबाईच्या डाव्या डोळ्यावर धरला. थोड्या वेळानं काढला.

डोळा उघडा होता. उजवा बंद आणि डावा टक्क उघडा. त्या डोळ्यानं केसरबाई नवऱ्याकडे बघत होती.

उद्धवरावांना वाटलं, संपलं, जिंकलो. त्यांनी जमलेल्या माणसांकडे बघितलं. पण डॉक्टर हसत नव्हती. "मावशी, एका श्वासात आकडे म्हणा," ती म्हणाली. केसरबाई जेमतेम सुरुवात करून थांबली. डॉक्टर शिपायाला म्हणाली, "अतिदक्षता. लिफ्ट धरून ठेव." आणि स्ट्रेचरबरोबर पळत गेली.

झाडाखाली कांदे तसेच पडले होते. उद्धवरावांनी ते पोत्यात भरले. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

केसरबाई नळ्यांमध्ये पडून राहिली. ज्ञानेश बापाशी एक शब्द बोलला नाही. स्वप्नाली डबा आणायची आणि कठड्याशी उभी राहायची. मग हळूहळू नळ्या निघाल्या. एक दिवस डॉक्टरनं उद्धवरावांना केसरबाईच्या कॉटशी बोलावलं.

"काका, नसांकडून स्नायूला जो निरोप जातो तो वाटेत अडतो, असा हा आजार आहे. दमलं की जास्त अडतो, विश्रांतीनं सुटतो, गारव्यानंही थोडा वेळ सुटतो, म्हणून बर्फ लावला. म्हणून सकाळी दिसत नाही. आणि तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन या आजारात चालत नाही. त्यांना तो माहीत असायला हवा होता, असं मी म्हणणार नाही. मीही बघून परत पाठवलंच होतं की. मला सकाळच्या मावशी दिसल्या, आणि मी त्यांनाच खरं धरलं."

उद्धवरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. डॉक्टर चुकले म्हटलं तर ओट्यावर वर्षभर पुरेल अशी गोष्ट होती. पण ही बाई स्वतःच सांगून मोकळी झाली, त्यात रंगवायला काही उरलंच नाही.

"आता बरी व्हणार ना?"

"औषधानं फरक पडेल. कुणाला चांगला पडतो, कुणाला थोडा."

"हिला?"

"सांगता येत नाही."

"पुन्यांदा आसं व्हईल?"

"होऊ शकतं. कधी, ते सांगता येत नाही. म्हणून नीट ऐका. ठसका वाढला, श्वास अपुरा पडला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री असेल तर रात्री निघायचं. घरात गाडी आणि माणूस तयार पाहिजे. आणि परत असं दमवून आणायचं नाही. त्या दिवशी वेळेत आलात. पुढच्या वेळी याल की नाही, मला नाही सांगता येणार."

"लोंढे डॉक्टर तर रोग बघितला की छातीठोक सांगत्यात, अमक्या वाराला बरं."

"मला तसं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं," डॉक्टर म्हणाली आणि पुढच्या कॉटकडे गेली.

केसरबाई डोळे मिटून पडली होती. झोपली असावी, असं उद्धवरावांना वाटलं.

ती घरी आली तेव्हा कांदा बराखीत, साठवणीच्या कुडात, भरून झाला होता. स्वप्नालीनं आणि शालनबाईनं मिळून पात कापून काटला, शेवटचा ढीग अवकाळीनं भिजवला, तो वेगळा पसरला होता आणि त्याचा कुबट वास चाळभर होता. ज्ञानेशनं सुपरवायझरला सांगून रात्रपाळी बंद केली. मोटारसायकलची किल्ली झोपतानाही त्याच्या खिशात असायची. स्वप्नालीनं आपली गादी सासूच्या बाजेशेजारी घातली. केसरबाई जेवणाआधी गोळी घ्यायची आणि लवकर लवकर, गोळी चालू आहे तोवर, मऊ भात गिळायची.

आठवडाभरानं ओटा पुन्हा भरला. भाडेकरू, शालनबाई, दाराच्या चौकटीला टेकलेली स्वप्नाली, पायरीवर ज्ञानेश. आत केसरबाईचं जेवण चाललं होतं.

उद्धवरावांनी सगळं सांगितलं. दोन पोती कांदे, करंजाचं झाड, वॉचमन, रसाच्या गुऱ्हाळातला बर्फ. बिबट्याचा भाग मात्र गाळला.

"बर्फ ठिवला आन डोळा उघडला?" शालनबाई म्हणाली. "भावजी, आता बास करा!"

"आईशप्पथ."

"आन हॉस्पिटलात कांदे?" एक भाडेकरू म्हणाला. "मामा, बिबट्या परवडला."

दिग्विजय तेवढा हसला नाही. पण बर्फ त्यालाही जड गेला. "थोडं कमी करा की वो मामा," तो हळूच म्हणाला.

हशा ओसरला तशी शालनबाई पुढे सरकली. "ते ऱ्हाऊ द्या. वैनी बऱ्या व्हणार न्हवं?"

ज्ञानेशनं पायरीवरून मान वळवली. हॉस्पिटलातून आल्यापासून त्यानं बापाकडे असं पहिल्यांदाच बघितलं. स्वप्नालीच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती. उद्धवरावांच्या जिभेवर ते तीन शब्द आले, डॉक्टरीणबाईचे, जसेच्या तसे. आणि पोराच्या तोंडाकडे बघून त्यांनी ते गिळले.

"बऱ्या? अगं, बाईनं माझ्या हातावर हात मारून सांगितलं. दिवाळीपातूर ठणठणीत. पयल्यासारखी कांदा काटंल म्हणाली. आता धोका टळला, काळजी सोडा म्हणाली."

कुणी हसलं नाही. शालनबाईनं हात जोडून कपाळाला लावले. "देव पावला," स्वप्नाली म्हणाली आणि चौकटीला टेकून एकदम खाली बसली. दिग्विजयनं मान डोलावली. ज्ञानेशनं लांब श्वास सोडला, खिशातून किल्ली काढली आणि उठला.

"मग अण्णा, सोमवारपासनं रात्रपाळी घेतो. किल्ली खुंटीला लावतो, दिग्विजयला गाडी लागते मधनंमधनं."

उद्धवराव बघत राहिले. उभ्या जन्मात अख्ख्या ओट्यानं एकदम त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. छाती भरून आली. अजून थोडं घालावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"खोटं."

आवाज नाकातून आला, पण कळला. केसरबाई दारात उभी होती. एक हात चौकटीला, दुसऱ्या हाताच्या बोटानं डावी पापणी वर धरलेली. एकेक शब्द सुटा करून, दम घेत ती म्हणाली,

"झोपले न्हवते मी. बाई म्हणाली, सांगता येत न्हाई. ज्ञानेश, किल्ली खिशात ठेव."